तलावाकडे बघण्याचा परवाना मिळणेबाबत

वामन भेरे यांनी माझ्याकडे झेरॉक्सला दिलेला पहिला कागद मी तसाच परत करायला निघाले होते. वर उजव्या कोपऱ्यात तारीख टाइप केलेली होती, १२ मे २०३१. साल चालू होतं त्र्याण्णव. मशीन नवीन, शहापुरातलं दुकान नवीन आणि मी त्याहून नवीन. चुकीच्या कागदाच्या प्रती काढल्या नि कोणी भांडायला आलं तर काय घ्या, म्हणून मी म्हटलं, "अहो, साल चुकलंय तुमचं." त्यांनी चष्मा कपाळावर सारला, कागद निरखून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "साल बरोबर हाय, बाय. आपून लवकर आलोय."

मग मी खालचा मजकूर वाचला. 'विषय: स्वतःच्या शेतात उभे राहण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, सदर शेतात माझे आजोबा, वडील व मी स्वतः भात लावत होतो. सध्या तेथे बंगले उगवले आहेत. तरी दिवाळीच्या सुमारास अर्धा तास बांधावर उभे राहण्याची परवानगी मिळावी. मी कशालाही हात लावणार नाही व कोणाकडे बघून हसणार नाही.' मी खो खो हसले. ते हसले नाहीत. दोन प्रती घेतल्या, घडी न घालता फाइलीत ठेवल्या आणि समोरच्या करंजाखाली आपल्या टेबलावर जाऊन बसले. बाई, हा काय नमुना आहे, असं मी मनात म्हटलं. पुढची तेरा-चौदा वर्षं हा नमुना रोज माझ्या दुकानासमोर होता.

कचेऱ्यांच्या आवारात अर्ज टाइप करून देणारे दोघं-तिघं होते, पण लोक यायचे ते यांच्याकडे. त्यांना वामन भेरे कोणी म्हणत नसे. अख्ख्या तालुक्यात ते अर्जनाना. घर मुरबाडच्या वाटेवरच्या एका गावात, घरची थोडी भातशेती, ती बायको नि भाऊ बघायचे. नाना सकाळच्या एसटीनं यायचे, ती चुकली तर जीपच्या मागच्या फळीवर बसून यायचे, आणि उतरल्यावर आधी टाइपरायटरवरचं फडकं झटकायचे. त्या यंत्रात 'ळ' हे अक्षर तुटलेलं होतं. आता अर्ज म्हटला की शेवटी 'मिळणेबाबत' आलंच. ते टाइप करताना मध्ये एक जागा मोकळी सोडायचे आणि मग पेनानं तिथे 'ळ' काढायचे. मी एकदा म्हटलं, नाना, दुरुस्त करून का घेत नाही? तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे गो. तेवढंच मिळणं आपल्या हातात हाय."

खरे अर्ज ते एकदम सरळ लिहीत. वारसनोंद, रेशनकार्ड, मोजणी, एक शब्द वाकडा नाही. पण दिवसभरात काही खटकलं की संध्याकाळची गाडी यायच्या आधी एक जादा कागद चढवायचे आणि तीस-चाळीस वर्षं पुढची तारीख टाकून अर्ज टाइप करायचे. एका कार्यालयात एका म्हाताऱ्याला तू जिवंत असल्याचा दाखला आण म्हणून तीन वेळा परत पाठवलं, त्या संध्याकाळी अर्ज तयार झाला: 'मी मीच असल्याची खात्री पटवून मिळणेबाबत. सोबत मी स्वतः तीन प्रतींत जोडला आहे.' कुठल्याशा सभेत टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून एकाला दमात घेतलं, तर लगेच 'गप्प बसण्याच्या परवान्याचे नूतनीकरण होणेबाबत'. त्यात अर्जदार लिहितो की गेल्या वर्षी मी परवान्यापेक्षा दोन दिवस जास्त गप्प बसलो, त्याबद्दल दिलगीर आहे.

हे अर्ज एका वेगळ्या फाइलीत जात. तिच्यावर लिहिलं होतं, 'पुढची फाइल'. साहेब जेवायला गेले की ताटकळलेली माणसं करंजाखाली जमत आणि नाना त्यातला एखादा अर्ज वाचून दाखवत. आवाज असा की तलाठीसुद्धा उभं राहून ऐकेल. माणसं पोट धरून हसायची. मग नानांचं तोंड उतरायचं. मला वाटायचं, यांना भाव खायचा आहे. एवढे लोक हसतात, आणखी काय पाहिजे? एकदा मी तसं बोलून दाखवलं. तेव्हा ते माझ्यावर चांगलेच चिडले. "मी हसायला नाय लिवत गो. भिववायला लिवतो. ही लोकं हसतात नि घरी जातात. कोणतरी भ्यायला पायजे ना?"

त्यांच्या या भिववण्याची मला तेव्हा गंमतच वाटायची. नव्वदच्या दशकात आमच्याकडे काय वाईट चाललं होतं? मुरबाडकडे रस्त्याकडेच्या शेतांत मुंबईच्या लोकांचे फार्महाउस होत होते, पोरं कल्याणला कामाला जात होती, माझं मशीन धडधडत होतं. नाना म्हणजे उगाच कुठेतरी काळं शोधणारा माणूस, असं माझं ठाम मत होतं. मग एक दिवस किन्हवलीकडचा एक शेतकरी आला. शेतात उभं राहण्याच्या परवानगीचा तो अर्ज ऐकून सगळ्यांत मोठ्यानं हसलेला हाच. माझ्या दुकानाच्या पायरीवर अक्षरशः लोळला होता. आता त्याला वर्तणुकीचा दाखला पाहिजे होता. कशाला, तर बंगल्यावर वॉचमन म्हणून ठेवणार होते. बंगला त्याच्याच विकलेल्या शेतात. नानांनी अर्ज टाइप करून दिला, पेनानं 'ळ' काढला. मी चहा पाठवला तर तो तसाच गार झाला. त्या दिवशी मात्र मला त्या फाइलीची थोडी धास्ती वाटली.

आता पुढचं सांगते त्यात चूक माझी आहे. मी ती कधी लपवली नाही, नानांनी मात्र लपवली.

आमच्या दोन तालुक्यांत धरणांना तोटा नाही, त्यामुळे हे कुठल्या धरणाचं आणि कुठल्या कार्यालयाचं ते मी सांगत नाही. त्या धरणाच्या कडेला डोंगरात एक पाडा आहे. तिथून बुधीबाई नावाची एक बाई यायची. पन्नाशीची असेल, चालायला वाघीण. पाड्यावरचा हातपंप बिघडलेला, म्हणून बाया तलावाच्या कडेकडेनं जाणाऱ्या वाटेनं ओढ्यात खणलेल्या खड्ड्यावर, त्याला तिकडे डवरा म्हणतात, पाण्याला जात. डोळ्यांपुढे एवढा मोठा तलाव आणि या बाया खड्ड्यातलं पाणी वाटीनं हंड्यात भरतात. बुधीबाई हातपंपाच्या दुरुस्तीचा अर्ज दर उन्हाळ्यात द्यायची. उत्तर कधी आलं नाही. त्या वर्षी तिचा अर्ज टाइप करून झाल्यावर नानांनी रागानं दुसरा कागद चढवला: 'तलावाकडे बघण्याचा परवाना मिळणेबाबत. पाण्याला जाताना आम्हा महिलांना सदर तलाव नाइलाजाने दिसतो. तरी सदर दिसणे नियमित करून मिळावे. आम्ही हावरेपणाने बघणार नाही.' दोन्ही कागद माझ्याकडे आले. लाइट जायच्या आत उरकायचं म्हणून मी घाईनं प्रती काढल्या आणि दोन्हींना एकच पिन मारली. बुधीबाईनं ते कार्यालयात दिलं, पोहोच घेतली आणि निघून गेली. तलावाच्या अर्जावर तारीख दोन हजार अठ्ठावीसची होती. तीही कोणी पाहिली नाही.

महिन्याभरानं बुधीबाई नाचतच आली. आयुष्यात पहिल्यांदा सरकारचं पत्र आलं होतं तिला. नानांनी पत्र उघडलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. हातपंपाबद्दल अवाक्षर नव्हतं. 'आपला तलाव पाहण्याबाबतचा अर्ज प्राप्त झाला. सदर बाब विचाराधीन असून आपण पासपोर्ट साइजचे दोन फोटो, रेशनकार्डाची साक्षांकित प्रत व पोलीस पाटील यांचा दाखला सादर करावा.' मी कागद हिसकावून दोनदा वाचला. तेव्हा पिनेचं लक्षात आलं. मी म्हटलं, नाना, हे मी केलं. नाना बुधीबाईला म्हणाले, "माझ्या हातून चुकून गेला तो कागद. नको करू काय. थट्टा हाय ती."

पण थट्टा आहे हे बुधीबाईला पटेना. सरकार कधी थट्टा करतं का? तिनं पाड्यावरच्या सगळ्या बायांना शहापूरला आणून फोटो काढले. रेशनकार्डांच्या प्रती माझ्याच मशीनवर निघाल्या, नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. पावसाळ्यानंतर पास आले. वर फोटो, खाली शिक्का, मध्ये 'तलाव दर्शन (पादचारी)'. बुधीबाईनं तिचा पास लॅमिनेट करून घेतला आणि घरात देवांच्या शेजारी ठेवला. तिच्या एकटीच्या नावाचा, तिच्या फोटोचा तो आयुष्यातला पहिला कागद होता. आणि पास निघाले म्हणजे ज्याच्याकडे पास नाही तो चोर ठरला. आजवर त्या वाटेवर कोणी कोणाला हटकत नव्हतं. आता चौकी बसली.

नानांनी कागदानंच कागद मारायचं ठरवलं. अर्ज केला, 'सदर अर्ज थट्टेचा असल्याने रद्द होऊन मिळणेबाबत'. उत्तर आलं की अर्ज थट्टेचा असल्याबद्दल सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा. असा दाखला कोण देतं, हे विचारणारा अर्ज केला. त्यावर सुनावणी लागली. मी दुकान बंद करून सोबत गेले. साहेब तरुण, बोलायला गोड, आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी विचारलं. म्हणाले, वाचून दाखवा, आपण सगळे मिळून ठरवू. नानांनी उभं राहून तो अर्ज वाचला. करंजाखाली वाचायचे त्याहून चांगला वाचला. 'आम्ही हावरेपणाने बघणार नाही' इथे तर ते मुद्दाम थांबले. खोलीत पाच-सहा माणसं होती. एकाच्याही ओठाची कड हलली नाही. एक क्लार्क मान डोलावत लिहून घेत होता. त्यानं अदबीनं विचारलं, हावरेपणा म्हणजे साधारण किती वेळ बघणं धरायचं?

साहेब म्हणाले, "नाना, तुम्ही उगीच मनाला लावून घेताय. मागणी रास्त होती. आम्ही सहानुभूतीनं विचार केला." आम्ही बाहेर आलो. एरवी लोक हसतात म्हणून चिडणारा हा माणूस जिन्यावर बसून मला म्हणाला, "एक तरी हसायला पायजे व्हता गो." मला रडू आलं आणि रागही आला, माझाच. त्या संध्याकाळी त्यांनी 'पुढची फाइल' बांधून घरी नेली, ती परत आणली नाही. पुढे कितीही खटकलं तरी जादा कागद चढला नाही.

मधे चार-पाच वर्षं गेली. पास दर साली नवे होत होते, हातपंप तसाच होता. एका मे महिन्यात बुधीबाई आली ती करंजाच्या बुंध्याशी मटकन बसली. मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं. सुनेचं नाव अजून रेशनकार्डावर चढलं नव्हतं, कार्डावर नाव नाही म्हणून पास नाही, आणि पास नाही म्हणून चौकीवरून तिला दोन दिवस रिकाम्या हंड्यानं परत पाठवलं होतं. बुधीबाईचा गुडघा धरलेला, तिला स्वतःला जाववत नव्हतं. घरात प्यायला पाणी नव्हतं. शेजारणी देऊन देऊन किती देणार? ती म्हणाली, नाना, सुनेच्या पासाचा अर्ज लिवा, लवकर मिळंल असा लिवा.

नानांनी कागद चढवला. तारीख टाइप केली. मग कागद परत काढला, चुरगळला आणि म्हणाले, "अर्ज नाय लिवत. उद्या मी येतो." इतक्या वर्षांत कोणाला अर्ज नाही म्हणताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही गेले. पिन माझी होती, घरी बसवेना. जीप जिथपर्यंत जाते तिथपर्यंत जीप, पुढे पायी. पाड्यावरून आम्ही सुनेला घेतलं, मागून बारा-पंधरा बाया आल्या. नानांनी सुनेच्या हातचा हंडा काढून स्वतःच्या खांद्यावर घेतला. साठीचा माणूस, धोतरात पाय अडकत होते, पण ऐकेल तर शपथ. चौकीवर किसन होता. त्याच भागातला पोरगेला माणूस. त्याच्या नोकरीचा अर्ज नानांनीच टाइप केलेला, त्यामुळे तो बिचारा आधीच अवघडला.

"पास हाय का, नाना?"

"नाय. तलाव मात्र दिसतोय मला. चांगला दिसतोय."

"मग मला लिवाया लागंल."

"लिव. पर सगळं लिव. रकाना सोडू नको."

किसननं रजिस्टर उघडलं. आजवर त्याला ते उघडावं लागलंच नव्हतं, बाया हटकल्या की मुकाट मागे फिरत. नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं. चौथा रकाना होता गुन्ह्याच्या स्वरूपाचा. तिथे त्याचं पेन थांबलं. त्यानं वर बघितलं, नानांनी विचारलं, काय केलं मी? तो म्हणाला, बगितलात. तेच लिव, नाना म्हणाले. किसननं सावकाश एकेक अक्षर काढलं, 'तलावाकडे बघणे'. लिहून झाल्यावर ते त्यानं स्वतःशीच पुटपुटत वाचलं आणि त्याचे कान लाल झाले. पुढचा रकाना होता, 'जप्त मुद्देमाल'.

"इथं काय लिवू, नाना?"

नानांनी हंडा खाली ठेवला, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि रजिस्टरवर ठेवला. "ह्यानंच बगितलं. घे."

किसननं चष्म्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. आधी नाकातून एक आवाज निघाला, मग त्याचे खांदे हलायला लागले आणि मग तो पोरगा टेबलावर डोकं टेकून असा काही हसला की बास. बायांना काय झालं कळलं नाही, पण त्याला बघून त्याही सुटल्या. सून तर तोंडात पदर कोंबून हसत होती. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. किसननं ते पान फाडून खिशात घातलं, चष्मा पुसून नानांना परत दिला आणि म्हणाला, जावा, भरा पाणी, ऊन व्हतंय.

नाना हसले नाहीत. एका दगडावर बसून त्यांनी डोळे पुसले. मी म्हटलं, आता तरी हसा, हसला की एक जण. त्यांनी मान हलवली. "हसला नाय गो तो. आपल्या हातानं काय लिवलं त्याला भ्याला."

त्या दिवसानंतर त्या वाटेवर कोणी पास मागितला नाही. किसननं पुढच्या पाळीच्या गड्याला काय सांगितलं कोण जाणे. नियम रद्द झाला नाही, कागदावर तो होताच, पण कोणाच्यानं तो रकाना भरवेना. सुनेनं पासासाठी कधी अर्ज केला नाही. बुधीबाईनं मात्र आपला पास देवांजवळून काढला नाही, फोटो चांगला आलाय म्हणाली.

दोन हजार सहा-सातच्या सुमारास सगळीकडे संगणक आले आणि करंजाखालची गर्दी ओसरली. नाना तरी येत राहिले. एका भाद्रपदात तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेले. मला कळलं ते त्यांचं टेबल तीन दिवस रिकामं राहिल्यावर. गावी जाऊन आले. त्यांच्या बायकोनं मला 'पुढची फाइल' दाखवली, वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेली. माझ्याच्यानं ती उघडवली नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या कार्यालयातला एक माणूस दुकानात आला. नवे छापील फॉर्म यायला उशीर होता, तोवर कामापुरत्या पाचशे प्रती हव्या होत्या. चौक्यांवर आता रजिस्टर नाही, फॉर्म असणार होता, आणि गडीही बाहेरून येणार होते. मूळ कागद ठेवून तो चहाला गेला. मी काचेवर ठेवायच्या आधी सवयीनं वाचला. 'गुन्ह्याचे स्वरूप (योग्य ठिकाणी खूण करावी). अ) विनापरवाना प्रवेश. ब) गुरे चारणे. क) तलावाकडे बघणे. ड) इतर, तपशील स्वहस्ताक्षरात लिहावा.'

लिहायची गरजच ठेवली नव्हती. नुसती खूण करायची. मी तो 'क' पुन्हा पुन्हा वाचला आणि मला हसू येईना. नाना म्हणायचे ती भीती कशी असते ते मला तेव्हा कळलं.

मग मी कोऱ्या कागदाची बोटभर पट्टी कापली, दोन टोकांना डिंकाचा ठिपका लावला आणि 'क'वर चिकटवली. पाचशे प्रती काढल्या. पट्टी सोडवून मूळ कागद साफ केला, तो माणूस आला तेव्हा गठ्ठा बांधून तयार होता. त्यानं वरची प्रत पाहिली, अ, ब, ड, आणि छान आल्यात म्हणाला. पुढे छापखान्याचे फॉर्म आले ते माझ्याच प्रतीवरून छापलेले. क कुठे गेला, असं आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही. त्या वाटेनं जाणाऱ्या बाईला ज्याला हा गुन्हा लावायचाय, त्याला 'ड'पुढच्या रेघेवर तो आपल्या हातानं लिहावा लागतो.